दप्तराची दुसरी प्रत

बँकेच्या, टपालकचेरीच्या किंवा तहसिलीच्या खिडकीशीं ताटकळत उभ्या असलेल्या माणसाला अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकावें लागतें : ‘सर्व्हर बंद आहे, उद्यां या.’ ऐकणारा चडफडतो आणि घरीं परततो. दुसऱ्या दिवशीं सर्व्हर चालू झालेला असतो, सात-बाराचा उतारा हातीं पडतो, आणि आदल्या दिवसाचा संताप विसरला जातो. परंतु त्या एका वाक्याच्या पोटांत दोन निरनिराळीं संकटें दडलेलीं असतात. यंत्र थांबलें, वीज गेली, तार तुटली, तर कामाचा खोळंबा होतो. दप्तर मात्र जागच्या जागीं असतें. दुसऱ्या संकटांत यंत्र पुन्हा सुरू होतें, पण त्याच्या आंतलें दप्तर नाहींसें झालेलें असतें. पहिल्या संकटाची भरपाई एका हेलपाट्यानें होते. दुसऱ्याची भरपाई, आधीं तजवीज केलेली नसेल तर, कशानेंही होत नाहीं.

ज्यांचा या यंत्रांशीं नित्य संबंध येत नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर, सर्व्हर हा कचेरीच्या दप्तरखान्याचा कारभारी होय. मेजावरचे संगणक त्याच्याकडे कागद मागतात, तो काढून देतो. नवा कागद आला कीं ठेवून घेतो. तो रात्रंदिवस जागा असतो, रजा मागत नाहीं, आणि एकाच वेळीं शेंकडों जणांना उत्तरें देतो. म्हणून गेल्या कांहीं दशकांत जगांतल्या बहुतेक कचेऱ्यांनीं आपलीं कपाटें रिकामीं करून सर्व कांहीं त्याच्या हवालीं केलें. पण कारभारी कितीही इमानी असला तरी तो यंत्र आहे, आणि यंत्र केव्हां तरी बिघडणार हें ठरलेलें. यासाठीं शहाण्या कचेऱ्या तेंच दप्तर एकाच वेळीं दोन तबकड्यांवर, चार यंत्रांवर, कधीं दोन गांवांत लिहीत ठेवतात. एक यंत्र पडलें तर दुसरें तत्काळ पुढें येतें आणि खिडकीवरच्या माणसाला कांहीं घडलें याचा पत्ताही लागत नाहीं. व्यवस्था उत्तम आहे. मात्र तिलाच राखीव प्रत, म्हणजे कचेरींत ज्याला बॅकअप म्हणतात तो, समजण्याची चूक भल्याभल्यांनीं केली आहे. आणि तिची किंमत काय पडते हें २०१७ सालीं एका डॅनिश जहाजकंपनीला कळून आलें.

कोपनहेगन येथील मर्स्क ही जगांतल्या सर्वांत मोठ्या जहाजकंपन्यांपैकीं एक. समुद्रावरून पोलादी पेट्यांतून जाणाऱ्या जगाच्या मालापैकीं जवळजवळ पंचमांश माल त्या सुमारास तिच्या जहाजांवरून जात असे. २७ जून २०१७ रोजीं तिच्या मुख्य कचेरींतील संगणकांचे पडदे एकामागून एक काळे पडूं लागले. कांहींवर तीनशें डॉलरांची खंडणी मागणारा मजकूर उमटला. खंडणी हें निव्वळ सोंग होतें. पैसे भरले तरी कांहीं परत मिळण्याची सोयच त्यांत ठेवलेली नव्हती. पुढें ‘नॉटपेट्या’ या नांवानें कुप्रसिद्ध झालेला हा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमध्यें हिशेबासाठीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या मागच्या दारानें शिरला होता. २०१८ च्या फेब्रुवारींत ब्रिटन व अमेरिका यांच्या सरकारांनीं त्याचा दोष उघडपणें रशियाच्या लष्कराकडे दिला. मर्स्कच्या ओडेसा येथील शाखेंत तें सॉफ्टवेअर एका संगणकावर बसविलेलें होतें. तेवढी फट पुरली. कोपनहेगनच्या कचेरींत लोक दालनांदालनांतून धांवत ‘यंत्रें बंद करा, तारा काढा’ असें ओरडत सुटले. परंतु तोंपर्यंत व्हावयाचें तें होऊन गेलें होतें.

मर्स्कच्या समूहाकडे त्या वेळीं जगभर ७६ बंदर-धक्के होते. त्यांपैकीं १७ ठिकाणचें काम अडलें. अमेरिकेंत न्यू जर्सी येथें धक्क्याच्या दरवाजाबाहेर मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या. मुंबईच्या समोरच, उरणजवळ न्हावा-शेवा येथें, जवाहरलाल नेहरू बंदरांतील एक धक्का याच समूहाकडे चालविण्यास होता. तोही या तडाख्यांत सांपडला. यारी जागेवर होत्या, जहाजें उभीं होतीं, पेट्यांना ओरखडाही गेला नव्हता. नाहींसें झालें होतें तें एवढेंच, कीं कोणती पेटी कोणाची, तींत काय भरलें आहे, आणि ती कोठें जावयाची आहे. बाहेरून पाहणाऱ्याला बंदर जसेंच्या तसें दिसत होतें. आंतून तें मुकें झालें होतें.

आतां राखीव प्रतींचा प्रश्न आला. मर्स्क ही कांहीं निष्काळजी कंपनी नव्हती. तिच्या बहुतेक सर्व्हरांच्या तीन ते सात दिवसांपूर्वींच्या प्रती सुरक्षित होत्या. पण एका प्रकारच्या यंत्रांची प्रत कोठेंच सांपडेना. या यंत्रांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. मोठ्या वाड्याच्या देवडीवरचा दरवान ज्याप्रमाणें कोण घरचा, कोण परका, कोणाला कोणत्या दालनापर्यंत जाऊं द्यावयाचें हें जाणतो, त्याप्रमाणें कंपनीच्या साऱ्या यंत्रांची व माणसांची ओळख या यंत्रांत नोंदलेली असते. ती ओळख पुसली गेल्यावर बाकीचें दप्तर परत आणूनही उपयोग नाहीं. कुलुपें आहेत, किल्ल्यांचा जुडगा नाहीं. मर्स्ककडे असे सुमारें दीडशें दरवान होते. ते परस्परांशीं अखंड बोलत आणि एकाला कळलेली गोष्ट इतर सर्वांना तत्काळ कळे. त्यामुळें यांच्यासाठीं निराळी प्रत काढण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती. एक गेला तर एकशें एकोणपन्नास आहेतच! सगळे एकाच वेळीं जातील हा विचार हिशेबांत धरलेला नव्हता. त्या दिवशीं ते एकाच वेळीं गेले.

अखेर शोध करतां करतां पश्चिम आफ्रिकेंत घाना देशांतल्या कचेरींत एक यंत्र शाबूत असल्याचें निष्पन्न झालें. हल्ल्याच्या आधीं तेथील वीज गेली होती. यंत्र बंद पडून बाकी जगापासून तुटलें होतें. म्हणून तें वांचलें. त्यांतील माहिती तारेनें इंग्लंडला पाठवावी तर तेथील जोडणी इतकी मंद कीं कित्येक दिवस लागले असते. घानांतील कर्मचाऱ्याला विमानानें पाठवावें तर एकाजवळही ब्रिटनचा प्रवेश-परवाना नव्हता. तेव्हां एक जण तबकडी घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला. तेथें दुसऱ्यानें ती घेतली व तो लंडनच्या विमानांत बसला. पूर्वीं डाकेचे जासूद जशी थैली टप्प्याटप्प्यावर हातोहात देत, तशी ही एक तबकडी या हातांतून त्या हातांत गेली आणि तिच्यावर एवढ्या अवाढव्य कंपनीचा कारभार पुन्हा उभा राहिला. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें बसवावे लागले, असें कंपनीच्या अध्यक्षांनीं जानेवारी २०१८ मध्यें दाव्होस येथें सांगितलें. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरांत गेलें. त्या दहा दिवसांत कर्मचाऱ्यांनीं कागदावर टिपणें करून बहुतेक माल हलता ठेवला, त्यांचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण किल्ल्यांचा जुडगा परत मिळाला तो कंपनीच्या दूरदृष्टीमुळें नव्हे. घानांतली वीज योग्य वेळीं गेली म्हणून. वीज गेल्याबद्दल कोणी आभार मानल्याचें उदाहरण विरळाच.

या हकीकतीचें मर्म असें, कीं त्या दीडशें प्रती वास्तविक दीडशें नव्हत्या. दीडशें ठिकाणीं लिहिलेली ती एकच प्रत होती. जी नक्कल मुळाबरोबर क्षणोक्षणीं बदलते, ती मुळाबरोबर बिघडते. यंत्राला भलें-बुरें कळत नाहीं. नवी नोंद ज्या तत्परतेनें तें शंभर ठिकाणीं पोंचवितें, त्याच तत्परतेनें चुकीची नोंद, पुसलेली नोंद आणि शत्रूनें केलेली खाडाखोडही पोंचवितें. फेब्रुवारी २०११ मध्यें गूगलच्या टपालसेवेंत असाच प्रकार घडला. एका सदोष सुधारणेमुळें शेंकडा ०.०२ इतक्या ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या दिसूं लागल्या. त्यांच्या टपालाच्या प्रती निरनिराळ्या इमारतींत होत्या, पण दोष त्या प्रतींनाही बाधला. टपाल परत मिळालें तें चुंबकीय फितींवरून. फीत म्हणजे कित्येकांना जुनाट वस्तु वाटेल. परंतु ती कोणत्याही चालू यंत्राला जोडलेली नसते आणि म्हणून चालू यंत्राचा रोग तिला लागत नाहीं. तिचा हाच गुण येथें कामास आला.

पेठेंतल्या जुन्या दुकानदाराला या गोष्टीची अर्धी जाण होती. त्याच्याकडे रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजकीर्दींत दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमानें टिपला जाई, आणि त्यावरून खतावणींत प्रत्येकाचें खातें मांडलें जाई. खतावणी उंदरांनीं कुरतडली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहितां येई. आजचे मोठे डेटाबेस हीच रीत पाळतात. प्रत्येक बदल आधीं एका रोजकीर्दींत उतरतो, मग खात्यांत चढतो. आणि काल रात्रीची प्रत व आजची रोजकीर्द हातीं असली, तर आज दुपारीं दोन वाजून दहा मिनिटांनीं दप्तर कसें होतें तेंही उभें करतां येतें. दुकानदाराची उणीव एवढीच कीं तो दोन्ही वह्या एकाच पेटींत ठेवी, आणि पेटी दुकानांतच ठेवी. आग लागली कीं दोन्ही जात.

प्रत असणें आणि ती वेळेवर उपयोगी पडण्याजोगी असणें या गोष्टी वेगळ्या आहेत. मराठी वाचकाला हें नवें वाटूं नये. ज्ञानेश्वरीच्या प्रती अनेक होत्या. तरीही उतरवून घेणाऱ्यांच्या हातून पाठ इतका बिघडला होता कीं शके १५०६ मध्यें एकनाथांना प्रती ताडून तो शुद्ध करावा लागला. तेथें निदान प्रती पाहणारें कोणी होतें. गिटलॅब नांवाच्या कंपनींत २०१७ पर्यंत कोणी पाहिलेंच नव्हतें.

ही कंपनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांचें लिखाण आणि त्यासंबंधींचा पत्रव्यवहार सांभाळण्याचा धंदा करते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तिचा एक इंजिनियर दिवसभराच्या कामानंतरही एका अडचणीशीं झगडत बसला होता. मुख्य यंत्राशेजारचें दुय्यम यंत्र मागें पडलें होतें. त्यावरची अर्धवट माहिती पुसून तें पुन्हा भरावें असें त्यानें ठरविलें. पुसण्याची आज्ञा त्यानें दिली ती मुख्य यंत्राला. एक-दोन सेकंदांतच चूक त्याच्या ध्यानांत येऊन त्यानें आज्ञा थांबविली; पण तेवढ्यांत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचारच शिल्लक राहिलीं होतीं. मग राखीव प्रती उघडण्यास सुरुवात झाली. कंपनीजवळ प्रती राखण्याच्या पांच व्यवस्था होत्या, आणि पांचांपैकीं एकही नीट चालत नव्हती. त्यांतली एक तर दररोज रात्रीं नेमानें चाले व दररोज नापास होई, कारण तिची आवृत्ति जुनी होती. नापास झाल्याचा निरोप ती इमानानें पाठवीत असे. तोही टपालव्यवस्थेंतल्या दुसऱ्या एका दोषामुळें कोणाला पोंचत नसे. प्रती ज्या ठिकाणीं जमा व्हावयाच्या तें कोठार रिकामें निघालें. शेवटीं उपयोगी पडली ती त्याच इंजिनियरनें सहा तासांपूर्वीं दुसऱ्या एका कामासाठीं हातानें काढलेली एक नक्कल. मधल्या सहा तासांतले सुमारें पांच हजार प्रकल्प, तितकेच अभिप्राय व सातशें नवीन खातीं यांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

त्या कंपनीनें दोन गोष्टी मात्र अनुकरणीय केल्या. दुरुस्तीचें सारें काम तिनें जगासमोर उघडें चालविलें, आणि आपल्या अहवालांत त्या इंजिनियरचें नांव न देतां दोष व्यवस्थेकडे घेतला. थकलेल्या माणसाच्या हातून एका आज्ञेनें दप्तर बुडत असेल, तर त्या माणसाला काढून टाकल्यानें पुढचें दप्तर सुरक्षित होत नाहीं. आपल्याकडे अशा प्रसंगीं पहिला कागद निघतो तो कारकुनाच्या नांवें खुलाशाचा!

राखीव प्रत काढणारा प्रोग्रॅमच दप्तर पुसून टाकतो असेंही घडलेलें आहे. डिसेंबर २०२१ मध्यें जपानांतील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर प्रती काढणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ति, जुनी चालू असतांनाच, तिच्या जागीं ठेवण्यांत आली. जुन्या नोंदी काढून टाकण्याऐवजीं त्यानें संशोधकांच्या फाइलीच काढल्या. सुमारें ३ कोटि ४० लाख फाइली, म्हणजे ७७ टेराबाइट माहिती नाहींशी झाली. झळ पोंचलेल्या चौदा संशोधक-गटांपैकीं चौघांना आपलें काम परत मिळण्याचा मार्ग उरला नाहीं. यंत्र पुरविणाऱ्या कंपनीनें सर्व जबाबदारी पत्करली. पण जबाबदारी पत्करल्यानें वर्षांचीं गणितें परत येत नाहींत.

सर्वांत अलीकडची व कदाचित् सर्वांत बोलकी घटना दक्षिण कोरियांतील आहे. तेथील सरकारच्या दाएजोन येथील मध्यवर्ती दप्तरखान्यांत २६ सप्टेंबर २०२५ रोजीं रात्रीं आग लागली. वीज गेली असतां यंत्रें चालू राहावींत यासाठीं ठेवलेल्या लिथियमच्या बॅटऱ्या हलविण्याचें काम त्या वेळीं चाललें होतें. आग पुरती विझण्यास सुमारें बावीस तास लागले. सहाशेंहून अधिक सरकारी सेवा थांबल्या. त्यांतल्या बहुतेकांच्या प्रती अन्यत्र असल्यामुळें त्या हळूहळू परत येऊं शकत होत्या. एका मोठ्या सांठ्याची मात्र बाहेर कोठेंच प्रत नव्हती. ‘जी-ड्राइव्ह’ नांवाचा हा सांठा सरकारी नोकरांच्या रोजच्या कामाच्या कागदांसाठीं होता. आकार एवढा मोठा कीं त्याची दुसरी प्रत बाहेर ठेवणें शक्य नाहीं, असें त्याच्या रचनेचें समर्थन करण्यांत आलें. ८५८ टेराबाइटांचें दप्तर जळालें.

या घटनेंतील विचार करण्याजोगा भाग पुढेंच आहे. २०१८ पासून तेथील नोकरांना सूचना होती, कीं कामाचे कागद आपल्या मेजावरील संगणकांत न ठेवतां या मध्यवर्ती सांठ्यांत ठेवावे; प्रत्येकाला तीस गिगाबाइट जागा दिलेली होती. सेवकवर्गाचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयानें ही सूचना तंतोतंत पाळली, आणि सर्वांत अधिक नुकसान त्याचेंच झालें. ज्या खात्यांनीं ती फारशी मनावर घेतली नव्हती त्यांचे बरेच कागद वांचले. आग लागल्यानंतर लोक मेजांचे खण, जुनीं पत्रें, छापील कागद आणि संगणकाच्या कोपऱ्यांत राहून गेलेल्या फाइली धुंडाळीत बसले. आज्ञाधारक माणसाला शिक्षा आणि अव्यवस्थित माणसाला बक्षीस मिळावें अशी ज्या व्यवस्थेची रचना, तिच्यांत दोष नोकरांचा कसा म्हणावा? दप्तर एका जागीं गोळा करण्याचा हुकूम काढणाऱ्यानें त्याच दिवशीं दुसऱ्या जागेचाही हुकूम काढावयास हवा होता. पहिला हुकूम सोपा असतो. दुसऱ्याला दरवर्षीं पैसे लागतात, आणि त्या पैशांतून डोळ्यांना दिसेल असें कांहींच उभें राहत नाहीं. अंदाजपत्रकांत काटछांट सुरू झाली कीं कात्री आधीं तेथेंच लागते.

लहान कचेऱ्यांना हें सारें परक्या व बड्या लोकांचें वाटण्याचा संभव आहे. परंतु शाळेचें जनरल रजिस्टर, सहकारी पतपेढीचीं खातीं, डॉक्टरांच्या दवाखान्यांतले रोग्यांचे पूर्वेतिहास, गृहनिर्माण संस्थेचे भाग-दाखले, कारखान्यांतल्या कामगारांच्या हजेऱ्या, हें दप्तरही आज एखाद्या कोंदट खोलींतल्या एका यंत्रावर असतें. निवृत्त होणाऱ्या कारकुनाच्या तीस वर्षांच्या नोकरीचा पुरावा त्यांत असतो. तो गेला तर जगाचा व्यापार थांबत नाहीं. एका घराचें निवृत्तिवेतन थांबतें, आणि त्या घराला तें पुरे असतें.

या धंद्यांतले जाणते लोक एक सुटसुटीत नियम सांगतात. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें तो रूढ केला. दप्तराच्या तीन प्रती असाव्या. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि एक तरी प्रत निराळ्या इमारतींत असावी. खंडणीखोरांच्या उपद्रवानंतर त्यांत आणखी एक भर पडली आहे ती अशी, कीं एक प्रत कोणत्याही तारेला जोडलेली नसावी. साध्या कचेरीला याचा खर्च फार येत नाहीं. दोन बाहेरच्या तबकड्या आळीपाळीनें वापराव्या, एक कपाटांत व एक दुसऱ्या जागीं, आणि शक्य असल्यास तिसरी प्रत भाड्यानें मिळणाऱ्या दूरच्या सांठ्यांत ठेवावी. बाहेर जाणाऱ्या तबकडीला सांकेतिक कुलूप घालावें, नाहीं तर रोग्यांचे इतिहास रिक्षांत विसरण्याची पाळी यावयाची. हें काम कोणाचें, त्याचें नांव लिहून लावावें, आणि तो रजेवर असतां कोणाचें तेंही.

इतकें करून पुष्कळ कचेऱ्या थांबतात. आणि खरी परीक्षा तर राहूनच जाते. महिन्यांतून एक दिवस नेमून राखीव प्रतीवरून दप्तराचा एखादा भाग रिकाम्या यंत्रावर उतरवून पाहावा. गेल्या वर्षाच्या मार्चचीं वेतनपत्रकें मागावीं, तीं उघडावीं, बेरजा मूळ आंकड्यांशीं जुळतात कीं नाहीं तें ताडावें. ज्यानें प्रत काढली त्यानें हें करूं नये, दुसऱ्यानें करावें. सुरुवातीपासून शेवटापर्यंत किती तास लागले तें घड्याळ पाहून वहींत लिहावें. महिनाअखेरच्या दिवशीं सर्व्हर गेला, तर लोकांचे पगार पहिल्या तारखेला होतील कीं दहाव्या, याचें उत्तर वहींतल्या त्या आंकड्यांत मिळतें.